नंबर सहा: नहाणीच्या जाळीतले केस

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.४०

बायको गेल्याला आज चौथा दिवस. पोरीला घेऊन साडूकडे गेलीये. साडूचं घर इथून चालत वीस मिनिटं, त्यामुळे याला 'सोडून गेली' म्हणता येत नाही. मुक्काम हलवलाय, एवढंच.

जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, त्यामुळे घर सोडतानाही नंबर घालून मुद्दे. एकूण सात.

त्या कपाबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपला. मी कप फेकला नाही. कप हातातून सुटला. जरा जोरात सुटला. चहात साखर नव्हती, त्यात बायको म्हणाली आवाज खाली करा, आणि नेमकी तेव्हाच पोरगी आतल्या खोलीतून बाहेर आली. कधी कुठे यावं हे तिला लहानपणापासून कळत नाही. डाव्या भुवईवर दोन टाके. दोन! मला कारखान्यात दंडावर अकरा पडले होते, आणि त्याच दिवशी मी ओव्हरटाइम केला. ही पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांसमोर मीच म्हटलं होतं, हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. एवढा जीव लावणाऱ्या माणसाला कागद!

काल बायकोचा फोन. म्हणाली, बावीस तारखेला आम्ही दोघी येऊन बघतो, कागदावरचं काय झालंय ते. मग ठरवू यायचं की नाही. मी म्हटलं, बघाच. फोन ठेवला. जरा आपटला. स्क्रीनवर एकच रेघ गेलीये.

सकाळी ८.१५

कागद शांतपणे वाचला. दोन, आवाज. तीन, दारं आपटणं. चार, फोडलेलं दुसऱ्यांनी आवरणं. पाच, चारचौघांत अपमान. सात, ओला टॉवेल पलंगावर. ही सगळी मतं झाली. मतांवर औषध नाही.

एक नंबरही वाचला. तो घाईत लिहिलेला दिसतो. कागद पडू नये म्हणून वर मोठा मॅग्नेट लावलाय. मॅग्नेट वरच लावतात, आणि वर एक नंबर येतो, त्याला मी काय करणार.

पण नंबर सहा! 'नहाणीच्या जाळीत रोज तुमच्या अंगावरच्या केसांचा गोळा. पाणी तुंबतं. तो गोळा मी काढते. एकवीस वर्षं झाली.'

याला म्हणतात मुद्दा. शुद्ध तांत्रिक प्रश्न, आणि तांत्रिक प्रश्नात माझा हात कोण धरणार? छाती, पाठ, खांदे, दंड, कान. सगळीकडे रान माजलंय. कारखान्यातली पोरं मागे 'घोंगडं' म्हणतात, अर्थात आदराने. केस नाहीत तर गोळा नाही. गोळा नाही तर पाणी तुंबत नाही. पाणी तुंबत नाही तर बायको घरी.

मुळावरच घाव घालायचा. एकवीस दिवस आहेत. भरपूर झाले.

१ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००

तक्ता केला. रेझर, मशीन, वॅक्स, लेझर, क्रीम. पुढे रकाने: वेळ, टिकाऊपणा, वेदना. वेदनेच्या रकान्यात पाचही ठिकाणी 'लागू नाही' लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.३०

रेझर.

डावी छाती बावीस मिनिटांत साफ. चार रेझर गेले. हात बसला होता, लय सापडली होती, आणि फोन वाजला. साडू. साडू हा माणूस 'हो हो' यापलीकडे आयुष्यात काही बोललेला नाही. आज म्हणाला, पोरीचे टाके काढले, तुम्हाला कळवावं म्हटलं. मी म्हटलं बरं. मग म्हणाला, तिच्याशी बोलता का, इथेच बसलीये. मी म्हटलं, अंगाला साबण आहे.

फोन ठेवायला वळलो आणि रेझर आडवा गेला. काखेखाली दोन इंच. रक्ताची धार. तळपायाची आग मस्तकात गेली. भर कामात लोक फोन का करतात? कोपर आरशाला लागलं. तीनदा लागलं. आरसा तसाही जुना होता.

उजवी छाती उद्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

उजवी छाती राहिली. डावीला खाज. साधी खाज नाही, आतून कुणीतरी खिळे ठोकतंय अशी. केस एका रात्रीत खुंट होऊन परत हजर. मीटिंगमध्ये दोन मिनिटं दम धरला, मग टेबलावरच्या पट्टीने शर्टात हात घालून खाजवलं. मॅनेजर म्हणाले, तब्येत ठीक आहे ना. मी म्हटलं, झकास. बाहेर येऊन लॉकरला लाथ घातली. लॉकरचं दार आता उघडत नाही. आत माझाच डबा आहे.

रेझर बाद. केस कापायचे नसतात, मुळातून उपटायचे असतात. ही चूक नव्हती, हा अभ्यास होता.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.१०

मशीन. पोरीच्या कपाटात सापडलं. पांढरं, मुठीएवढं, गोंडस. एका टोकाला चिमट्यांचं चाक फिरतं. चिमटे केस धरतात आणि उपटतात. मिनिटाला किती हजार, ते खोक्यावर लिहिलंय. पोरी हे पायाला लावून गाणी ऐकत बसतात, म्हणजे काय अवघड असणार.

उजव्या छातीला लावलं.

७.३०

बसून लिहितोय.

मशीनने एकदम एवढे केस पकडले की त्याला पुढे जाता येईना आणि सोडवेना. छातीला लटकलेलं, गुरगुरतंय, चाक फिरतंय, आणि बटण खालच्या बाजूला. मी जे ओरडलो ते ओरडणं म्हणता येणार नाही, जिवंत सोलतात तेव्हा जे निघत असेल ते निघालं. शेवटी दोन्ही हातांनी धरून ओढलं. सुटलं. बरोबर चार बोटं रुंद केस आणि थोडा मीही सुटलो. मशीन समोरच्या भिंतीवर गेलं. परत उचलून आणलं आणि पुन्हा भिंतीवर गेलं.

बेल वाजली. शेजारचे मास्तर. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी दारात उभं राहण्याची पद्धत हजेरी घेतल्यासारखी. विचारलं, कुणाला काही झालंय का. मी म्हटलं, टीव्ही होता. मास्तर म्हणाले, हो, तुमचा टीव्ही आम्ही खूप वर्षं ऐकतोय. आज पहिल्यांदाच त्यात तुमचं ओरडणं दुसऱ्या कुणावर नव्हतं, म्हणून काळजी वाटली.

वय झालंय. काहीही बोलतात.

मशीनला काळी टेप लावली. आता खडखडतं, पण पोरीला कळणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

तज्ज्ञांकडे जायचं ठरवलं. एक घाव दोन तुकडे. मार्केटमागच्या पार्लरमध्ये पुरुषांसाठी आतली खोली आहे. पार्लरवाली माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढी, पण मनगटं आमच्या कारखान्यात ड्रम फिरवणाऱ्या कामगारासारखी. मला पालथं झोपवलं, पाठ बघून म्हणाली, अरे देवा. मग बाहेर जाऊन मेणाचा दुसरा डबा घेऊन आली.

तिला सांगितलं, बाई, मी कारखान्यातला माणूस आहे, माझी काळजी नको. ती म्हणाली, श्वास सोडा.

सोडला. तिने ओढलं.

एक सांगतो. मला अकरा टाके पडलेत. पायावर ड्रमचं झाकण पडलंय. पण हे वेगळं. हे म्हणजे पाठीवरून कुणी रस्ता उखडून नेतं. पहिल्या पट्टीला उशी चावली. उशी फाटली. दुसऱ्या पट्टीला पाय आपोआप मागे गेला, बाजूच्या ट्रॉलीला लागला, ट्रॉली उलटली, गरम मेणाचं भांडं माझ्याच पावलावर. मी उठून खुर्ची भिरकावली. खुर्ची पडद्यातून बाहेर गेली. बाहेर एक कॉलेजची पोरगी हाताचं वॅक्स करत फोनवर बोलत बसली होती. खुर्ची तिच्यापासून हातभर अंतरावर पडली. तिने फोनवर सांगितलं, काही नाही गं, एका काकांचं चाललंय.

पार्लरवाली ओरडली नाही. हेच मला खटकलं. मेण पुसत पुसत विचारलं, दुखलं की वस्तू फेकायच्या, असं घरी चालतं का?

तिच्या व्यवसायाबाहेरचा प्रश्न आहे.

दोनच पट्ट्यांवर बाहेर काढलं. पाठीवर मधोमध दोन मोकळे रस्ते, बाकी जंगल तसंच. पावलाला फोड.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.००

दुकानातून तयार पट्ट्या आणल्या. चिकटवायच्या आणि ओढायच्या, पार्लरवाल्यांचे नखरे कशाला. पाठीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून भिंतीला पाठ घासून पाच चिकटवल्या. ओढणार कोण, हा विचार नंतर आला.

देव पाठीराखा असतो तो असा. बेल वाजली आणि साडू. पोरीची परीक्षा आहे, पुस्तकं न्यायला आलो म्हणाला. मी म्हटलं, पुस्तकं नंतर, आधी हे ओढा. तो म्हणाला, हो हो.

पहिली पट्टी त्याने बिचकत ओढली. माझी किंकाळी ऐकून थबकला. म्हणाला, फार दुखलं का? मी म्हटलं, नाही. तर दुसरी दात-ओठ खाऊन ओढली. तिसरीला एक पाय भिंतीला टेकवला. चौथीला बाह्या सरसावल्या. पाचवी झाल्यावर धापा टाकत, डोळ्यांत चमक आणून विचारतो, अजून आहेत का? खोक्यात शिल्लक असतील की!

या माणसाला अशा कामाची एवढी हौस आहे हे एकवीस वर्षांत कळलं नव्हतं.

मी वळलो आणि मूठ गेली. त्याला नाही मारलं. त्याच्या कानाशेजारी दारावर. दाराची फळी पातळ, त्यात भोक. साडू हलला नाही. म्हणाला, हा आवाज फोनवर मागे कितीदा ऐकलाय, समोरून पहिल्यांदाच ऐकतोय. तुमची बायको सांगते तसाच आहे. मग नम्रपणे चपला घातल्या आणि गेला. पुस्तकं न्यायचीच विसरला. लक्ष नसतं लोकांचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेझर. खर्च गेला चुलीत, कायमचा निकाल लावायचा.

डॉक्टरीणबाई तरुण, चष्मेवाली. छाती बघितली. एका बाजूला खुंट, दुसऱ्या बाजूला चौकोनी टक्कल, काखेखाली खपली. विचारलं, अपघात झाला का. मी म्हटलं, तयारी केली. म्हणाली, सहा ते आठ बैठका लागतील, दोन बैठकांमध्ये महिना. मी म्हटलं, माझ्याकडे दहा दिवस आहेत. म्हणाली, मग लेझर नको. मी म्हटलं, सगळ्या बैठका एका दिवसात उरकू, मी बसतो. म्हणाली, भाजाल.

टेबलावर हात आपटला. तिचा पेनांचा डबा उडाला. मी म्हटलं, पाटीवर कायमचं म्हणून लिहिलंय ना? तिने पेनं गोळा करता करता सांगितलं, कायमचं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, थोडे तरी परत येतात. एकच जागा अशी की केस परत येत नाहीत. खोल जखमेचा व्रण राहतो ती. पण ते काही कुणी मुद्दाम करत नाही.

एवढं शिकून ही उत्तरं. शेवटी आपल्यालाच बघावं लागणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२.२०

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कपाळावर हात मारून घेतला. (हलका.)

मी काय काम करतो? कातडी कमावण्याच्या कारखान्यात चुन्याच्या विभागाचा सुपरवायझर. माझ्या विभागात काय होतं? कातडी केसांसकट आत येतात, ड्रममध्ये चुना आणि औषधाच्या लगद्यात घोळतात, आणि गुळगुळीत होऊन बाहेर पडतात. वर्षाला चाळीस हजार. तेवीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. आणि मी बाजारातल्या पट्ट्या चिकटवत बसलो!

केमिस्टला गोल गोल विचारलं, समजा लगदा माणसाच्या अंगाला लागला तर. तो पोरगा हसला. म्हणाला, साहेब, आपल्याकडे येतं ते कातडं मेलेलं असतं. त्याच्याशी काहीही करा, ते ओरडत नाही. म्हणून तर आपलं काम सोपं आहे.

विनोदी आहे. पण अनुभव कमी. लगदा पातळ केला की झालं. झाकणाच्या बाटलीत थोडा घरी आणला.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.००

नहाणीत सगळं मांडलंय. लगदा, ब्रश, घड्याळ, टॉवेल. कारखान्यात अठरा तास ठेवतात. मी अठरा मिनिटं ठेवणार. उरलेली छाती, दोन्ही खांदे. आज नंबर सहा इतिहासजमा. बायकोला आधीच फोन करावा का? नको. सरप्राइज.

१६ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.००

डाव्या हाताने लिहितोय, उजवा खांदा पट्टीत आहे.

पहिलं मिनिट छान गेलं, गारवा. दुसऱ्या मिनिटाला केस खरंच विरघळायला लागले. मी आरशाच्या उरलेल्या तुकड्यात बघून हसलो. तिसऱ्या मिनिटाला आग लागली. छातीवर निखाऱ्यांची पाटी ओतली असं. नळाकडे झेपावलो. नळ घट्ट. मी पिळला. मग ओढला. मग त्याला शिव्या देत दोन्ही हातांनी उपटला. नळ हातात आला आणि भिंतीतून पाणी सुटलं ते सगळं छताला. माझ्या अंगावर थेंब नाही. ब्रश फेकला, बादली फेकली, नळ फेकला. खिडकीची काच गेली. आग काही थांबेना. फेकायला काही उरलं नाही तरी थांबेना.

टॉवेल गुंडाळून मास्तरांचं दार बडवलं. मास्तरांनी हाताला धरून आत घेतलं. गच्चीत उभं केलं, झाडांचा पाइप लावला आणि घड्याळ बघून अर्धा तास पाणी सोडत राहिले. मी ओरडत होतो. ते म्हणाले, ओरडा, पण हलू नका. मध्येच म्हणाले, त्या रात्री पोरीला दवाखान्यात मीच गाडीतून नेलं होतं. तिने आवाज काढला नव्हता. सारखी विचारत होती, बाबा अजून चिडलेत का.

हे त्या वेळी सांगायचं कारण काय, कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, नशीब थोर, वरवरचं भाजलंय. मलम, पट्ट्या, आठवडाभर अंघोळ बंद.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रजा. पडून आहे. उताणं झोपावं तर पाठ सोलवटलेली, पालथं झोपावं तर छाती भाजलेली. कुशीवर झोपून विचार केला.

पोरीचा फोन आला. आपणहून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी बोलायच्या आत तिने विचारलं, बाबा, काय फोडलंत? मी म्हटलं, काही नाही, असं का विचारतेस? म्हणाली, मास्तरकाका म्हणाले. मी म्हटलं, सरप्राइज आहे, बावीसला बघ. म्हणाली, माझी पुस्तकं आणि मशीन काढून ठेवा. मी म्हटलं, हो. मग थोडा वेळ फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. काहीतरी ऐकायला थांबली होती असं वाटलं. मी म्हटलं, नीट अभ्यास कर. ती म्हणाली, हं.

बोलणं छान झालं. वातावरण निवळतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०

उद्या परीक्षा. सगळी तयारी चोख.

दाराच्या भोकावर कॅलेंडर. आरशावर टॉवेल. खिडकीला पुठ्ठा. नळाच्या जागी लाकडी खुंटी ठोकलीये. कपाटात कप सहाचे तीन उरलेत, ते अंतर ठेवून मांडले, भरल्यासारखं दिसतं. मशीन टेपच्या बाजूने उलटं ठेवलंय.

आणि नंबर सहा! जाळी उचलून टॉर्च मारून बघितली. एक केस नाही. कोरडी ठणठणीत. पाच दिवस अंघोळ नाही हा भाग वेगळा, निकाल तो निकाल. सातपैकी एक शंभर टक्के. शाळेतसुद्धा एका विषयात पैकीच्या पैकी मिळाले की बाकीच्यांत ग्रेस देतात.

संकल्प: उद्या आवाज चढवायचा नाही. काहीही झालं तरी. शर्ट मात्र योग्य क्षणी काढायचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.००

चार वाजता आल्या. बायकोने चपला काढल्या नाहीत, हे आधी दिसलं.

पोरगी पुस्तकं घ्यायला आत गेली. बायको घरभर फिरली. मी मागे मागे. तिने कॅलेंडर उचललं, भोक बघितलं, कॅलेंडर परत लावलं. टॉवेल उचलला, परत लावला. कप मोजले. मी सारखा म्हणतोय, जाळी बघ, आधी जाळी बघ. तिने नहाणीच्या दारातून खुंटी बघितली, पुठ्ठा बघितला. खाली जाळीकडे बघितलंच नाही.

मग मला राहवलं नाही. दिवाणखान्यात मधोमध उभा राहिलो आणि शर्ट काढला.

बायकोने तोंडावर हात धरला. पोरगी पुस्तकं घेऊन बाहेर आली, बघत राहिली, आणि खो खो हसत सुटली. पुस्तकं खाली ठेवून, भिंत धरून हसली. बरोबर आहे. एका बाजूला खुंट, मध्ये लाल चामडं, खांद्यावर पट्ट्या, पाठीवर रस्ते. मलाही हसू आलं. हसली म्हणजे जिंकलं! मी उत्साहात सगळं सांगितलं, रेझर, पार्लर, साडू, लगदा. ती डोळे पुसत विचारत होती, मग कुठली पद्धत चांगली निघाली? मी म्हटलं, एकही नाही गं, सगळे परत येतात. डॉक्टरीण म्हणते खोल व्रण झाला तरच कायमचे जातात.

तर तिने कपाळावरचे केस हाताने मागे घेतले. डावी भुवई. मधोमध बोटाएवढी जागा, गुळगुळीत, पांढरट. भुवई तिथे तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. मी ती आज पहिल्यांदा बघितली. म्हणाली, मग तुमची पद्धत सगळ्यांत भारी बाबा. एका फटक्यात. दवाखान्यात सांगितलंय, इथे आता येणार नाहीत.

हसतच म्हणाली. नंतर हसत नव्हती.

मला राग यायला हवा होता. हात शोधत होता काहीतरी. बाजूला कप होता. दोघींनी एकदम माझ्या हाताकडे बघितलं, आणि पोरगी दाराच्या बाजूला सरकली. एक पाऊल. सवयीने. तिला कळलंही नसेल. मी हात मागे घेतला आणि शर्ट घालायला लागलो. बटणं लागेनात.

बायको फ्रिजपाशी गेली, मॅग्नेट काढला. पोरीला विचारलं, हे झालं का गं? पोरीने मान हलवली. नाही.

बायको मला म्हणाली, बाकीचे सहा नसते केले तरी चाललं असतं.

पुस्तकं घेतली. मशीन पोरीने उचललं, टेप बघितली, परत ठेवलं. म्हणाली, राहू द्या बाबा, तुम्हाला लागेल. गेल्या. दार हळू लावलं. या घरात दार असंही लागतं, माहीत नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.००

छाती खाजतेय. केस परत येतायत, सगळीकडून.

एक नंबर आता उघडाच आहे. 'आधी पोरीला सॉरी म्हणा. मला नको, तिला. दोन मिनिटं लागतात.'

तक्ता केला नाही. सरळ फोन करायचा. दोन मिनिटांचं काम. वाक्यही ठरवलंय, तीन शब्दांचं. आरशाच्या तुकड्यासमोर अकरा वेळा म्हणून बघितलं, अकराही वेळा जमलं.

८.४०

केला. तिनेच उचलला. म्हणाली, हं बाबा.

मी म्हटलं, तुझ्या मशीनचा चार्जर इथेच राहिलाय.

म्हणाली, असू दे. मग बुधवारच्या फोनसारखीच थांबली. म्हणाली, बाबा, अजून काही?

मी म्हटलं, नाही. एवढंच.